लताबाईंच्या तबकड्या आणि आखाजीच्या कॅसेट: चाहत्याने संग्रह कशाचा करावा आणि तो कसा जपावा?

प्रश्न: बोरीकाठ, अमळनेर

सर्व रसिकांना नमस्कार.

मी लता मंगेशकर यांच्या गाण्यांचा चाहता आहे. नोकरीला लागल्यापासून त्यांच्या ध्वनिमुद्रिका, कॅसेट, चित्रपटगृहाच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, मासिकांची मुखपृष्ठे आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे मी जमवत आलो आहे. बहुतेक वस्तू धुळे, मालेगाव आणि भुसावळ येथील जुन्या सामानाच्या दुकानांतून मिळाल्या. काही आठवडे बाजारात पितळी भांडी आणि जुन्या कुलुपांच्या शेजारी मांडलेल्या ढिगांत सापडल्या, तर काही वाडे पाडले जात असताना त्या त्या घरच्या मंडळींनी आपण होऊन दिल्या. लताबाईंच्या आई तापीकाठच्या थाळनेरच्या, त्यामुळे आमच्या भागातील जुन्या माणसांना त्या आजही माहेरच्या नात्यातल्या वाटतात, आणि माझ्या वेडामागे त्या आपुलकीचाही वाटा आहे.

मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याने मला विचारले, "काका, सगळी गाणी फोनवर मिळत असताना या जड पेट्या सांभाळण्यात तुम्हाला नेमका कोणता आनंद मिळतो?" त्याने हे मनापासून विचारले होते, म्हणून मलाही त्याला पूर्ण उत्तर द्यायचे आहे. मला स्वतःला जाणवते ते एवढेच की तबकडी लावायची म्हटली की आधी ती निवडावी लागते, पाकिटातून जपून काढावी लागते, तिच्यावरील अक्षरे वाचावी लागतात, आणि मग साडेतीन मिनिटे दुसरे काही करावेसे वाटत नाही. शिवाय प्रत्येक तबकडीबरोबर कोणाचे तरी घर आलेले असते. माझ्याकडील एका पाकिटावर शाईने लिहिले आहे की ही भेट धाकट्या बहिणीच्या लग्नात थोरल्या भावाने दिली. एका लेबलवर चोपड्याच्या दुकानाचा जांभळा शिक्का आहे, आणि ते दुकान आता कोणाला आठवतही नाही. गाणे तेच असले, तरी फोनवर ते ऐकताना मला त्या भावाबहिणीची आठवण होत नाही.

आता माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत आणि जाणकारांनी त्यांवर सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. संग्रह एकाच गायिकेपुरता ठेवून तो शक्य तितका पूर्ण करण्यामागे लागावे, की हाती येईल ते जुने संगीत घ्यावे? आणि आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात, पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जात असताना, हे सगळे टिकवावे कसे?

उत्तर: जंक्शनवाला, भुसावळ

काका, नमस्कार. पुतण्याला सांगण्यासारखे एक ठोस उदाहरण देतो. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' हे गाणे आज कोणत्याही ॲपवर लताबाईंच्या नावाने मिळते. परंतु त्या गाण्याच्या सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' असे छापलेले होते, कारण पडद्यावर मधुबालाने साकारलेल्या पात्राचे ते नाव होते. गाणे रेडिओवर गाजू लागल्यावर श्रोते पत्रांतून गायिकेचे नाव विचारू लागले आणि मग ते जाहीर झाले. पडद्यामागे गाणाऱ्या व्यक्तीला नाव मिळण्यासाठी किती वाट पाहावी लागली, हा इतिहास त्या गोल कागदी लेबलवर डोळ्यांनी वाचता येतो आणि ॲपवर मात्र तो पुसला गेलेला असतो. पुढे भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांना लताबाईंनी संगीत दिले, तेव्हा त्यांनी स्वतःहून 'आनंदघन' हे नाव घेतले. एका लेबलवर त्यांच्या नावाऐवजी पात्राचे नाव छापले गेले आणि दुसऱ्यावर त्यांनीच आपले नाव झाकले. या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा आनंद मला शब्दांत पुरता सांगता येणार नाही.

लेबलवर कॅटलॉग क्रमांक असतो आणि लेबलच्या कडेला, जिथे आवाजाची चर संपते त्या गुळगुळीत पट्ट्यात, मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. पहिल्या क्रमांकावरून विक्रीला आलेली तबकडी ओळखता येते, तर दुसऱ्यावरून ते मूळ ध्वनिमुद्रण ओळखता येते. चित्रपटात ऐकू येणारे गाणे आणि तबकडीवरचे गाणे पुष्कळदा सारखे नसते. एखादे कडवे पडद्यावर असते आणि तबकडीवर जागेअभावी नसते, किंवा याच्या उलटही असते. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार कोश रचला, तो अशाच तबकड्या आणि पुस्तिका पडताळून. चाहत्यांनी त्या जपल्या नसत्या, तर कोणत्या चित्रपटात कोणती गाणी होती हेदेखील अनेक ठिकाणी सांगता आले नसते.

आमच्या भुसावळची गोष्ट थोडी वेगळी आहे. रेल्वेचे गाव असल्यामुळे इथे देशाच्या सर्व भागांतून बदलीवर आलेली कुटुंबे राहत, आणि निरोपाच्या वेळी जड सामान इथेच विकून जात. त्यामुळे आमच्या भंगारबाजारात लताबाईंच्या तबकडीखाली तमिळ भक्तिगीत आणि त्याखाली इंग्रजी नृत्यसंगीत निघत असे. हाताला काय लागेल हे माहीत नसताना ढीग उपसण्याची ती उत्सुकता हा संग्राहकाच्या आयुष्यातला मोठा भाग आहे. पाश्चात्त्य देशांत मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या बंद झाल्यावरही कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात त्या साठच्या दशकात निघत होत्या, कारण आपल्याकडे वीज नसलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन चालूच होते. त्यामुळेच बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर भारतात निघाली आणि आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय प्रती शोधत असतात. तेव्हा ओळखीचे नाव नाही म्हणून कोणतीही तबकडी न पाहता बाजूला टाकू नये.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझे मत असे आहे की, 'सगळे' गोळा करण्याच्या मागे लागू नये. इंदूरजवळ पिगडंबर येथे सुमन चौरसिया यांनी लताबाईंच्या हजारो ध्वनिमुद्रिकांचे संग्रहालय उभे केले आहे, आणि धुळ्याहून आग्रा रोडने तिथे एका दिवसात जाऊन येता येते. पूर्णत्वाचे काम तिथे झाले आहे. आपण आपल्याला खरोखर ऐकावेसे वाटते ते ठेवावे.

उत्तर: आक्का, शिंदखेडा

बोरीकाठ भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मला फार बरे वाटले. जंक्शनवाला भाऊंनी लिहिलेले सगळे मला पटते, पण मी एक वेगळी बाजू मांडू इच्छिते.

लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकड्या मोठ्या संख्येने निघाल्या. तुमच्याकडची प्रत फुटली तर तुम्हाला दुःख होईल, पण ते गाणे जगातून नाहीसे होणार नाही. आता तुमच्या घरातल्या कॅसेटच्या खोक्याकडे पाहा. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि घराघरात टेपरेकॉर्डर आला, तेव्हा आपल्या भागात दोन प्रकारच्या कॅसेट तयार झाल्या. एक म्हणजे धुळे-जळगावच्या बसस्थानकांबाहेर मिळणाऱ्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेट, ज्यांत लग्नातली गाणी, कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणाची गाणी आणि विनोदी प्रसंग असत. त्या छोट्या प्रमाणावर निघत, त्यांच्या वेष्टनावर अनेकदा वर्षसुद्धा नसे, आणि पुढे सीडीचे दिवस आले तेव्हा त्या कोणी जपल्या नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे कोऱ्या कॅसेटवर घरीच भरलेली गाणी. त्यांची तर जगात एकच प्रत असते.

माझ्याकडे माझ्या आजीच्या आणि तिच्या जावांच्या आवाजातली आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाची, गाणी आहेत. माहेरी आलेल्या मुली कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसून ती म्हणत. माझ्या मामांनी टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला होता, त्यामुळे मागे गुरांच्या गळ्यातल्या घंटा, पोरांचा गलका आणि मध्येच कोणाला तरी पाणी आणायला सांगणारा आवाज असे सगळे त्यात आले आहे. एके ठिकाणी आजीला पुढची ओळ आठवत नाही, आणि दोघीतिघी तिला तीन वेगवेगळ्या ओळी सुचवतात. छापील लोकगीतसंग्रहात एकच ओळ येते, पण गाणे बायकांच्या तोंडी कसे बदलत राहते ते इथे कानांनी कळते. कानबाईच्या रोटांच्या रात्रीचीही एक कॅसेट आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी रात्रभर म्हटलेली ती गाणी आहेत आणि पहाटेपर्यंत बायकांचे आवाज बसत गेलेले त्यात स्पष्ट ऐकू येते. त्या गाणाऱ्यांपैकी आज एकही हयात नाही.

तुम्ही लताबाईंचे चाहते म्हणून संग्रह सुरू केला, तशी मी माझ्या आजीची चाहती म्हणून केला, आणि दोन्हींतला आनंद मला एकाच जातीचा वाटतो. एखादा आवाज इतका आवडावा की त्याला स्पर्श झालेली प्रत्येक वस्तू जवळ असावीशी वाटावी, हेच त्याचे मूळ आहे. मी आजीच्या कॅसेटसोबत तिच्या हातचा गाण्यांच्या वहीचा कागद आणि झोक्याच्या दोराचे पितळी कडेही ठेवले आहे. कोणी याला अडगळ म्हणेल, पण गाणे ऐकताना ते कडे हातात घेतले की त्या दुपारचे सगळे अंगण मला दिसते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, तुमच्या संग्रहात लताबाई राहू द्याव्यात, पण यापुढे वेळ आणि पैसा खर्च करायचा तर तो खान्देशात तयार झालेल्या आवाजांवर करावा. सारंगखेड्याच्या यात्रेत उतरलेल्या तमाशाच्या फडांची हस्तपत्रके, वहीगायन या इथल्या लोकगायनाच्या मंडळांनी भरलेल्या कॅसेट, लग्नातल्या बँडच्या दरपत्रकांवरची गाण्यांची यादी, हे मुंबई-पुण्याचा संग्राहक शोधायला येणार नाही. ते इथल्याच माणसाला ओळखू येते.

उत्तर: सातपुडा, शहादा

जपणुकीपुरते लिहितो, कारण माझे दुरुस्तीचे दुकान होते आणि उन्हाने खराब झालेल्या तबकड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत. त्या पुस्तकांप्रमाणे उभ्या, फार सैल नाही आणि फार घट्ट नाही अशा ठेवाव्यात. लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ चालणारी नंतरची तबकडी, विनाइल या प्लास्टिकची असते आणि उष्णतेने वाकते. पत्र्याच्या छपराखालची खोली, पश्चिमेची भिंत आणि दुपारी उन्हात उभी असलेली मोटार, या तिन्ही जागा तिला वर्ज्य समजाव्यात. जुने धाब्याचे घर असेल तर त्याच्या जाड मातीच्या भिंतींमुळे आतली खोली उन्हाळ्यात चांगली राहते, पण पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकून गळती थांबवली असेल तरच तिथे ठेवावे. ७८ ची तबकडी लाखेपासून केलेल्या शेलॅकची असते. ती विनाइलइतकी लवचीक नसते, त्यामुळे हातातून पडली की फुटते. ती स्पिरिटने किंवा अल्कोहोल असलेल्या कोणत्याही द्रवाने कधीही पुसू नये, कारण शेलॅक त्यात विरघळते. थोडा सौम्य साबण घातलेले शुद्ध पाणी आणि मऊ कापड पुरे, मात्र लेबल कोरडे ठेवावे.

सुईविषयी लोक निष्काळजी असतात. ७८ च्या तबकडीची चर रुंद असते आणि तिला सुमारे तीन हजारांश इंच टोकाची सुई लागते. लाँग प्लेची सुई तिच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे ती ७८ च्या चरीत तळाशी घासत राहते आणि खरखर तेवढी वाढते. उलट चावीच्या ग्रामोफोनवर लाँग प्ले एकदा जरी लावली, तरी सुई धरणारा जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई तिचा नाश करतात. चावीच्या यंत्रावर पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावावी, हा जुना नियम आजही पाळावा. भोंग्याचे चकचकीत पितळी ग्रामोफोन जुने म्हणून विकले जातात, ते बहुतेक वेळा वेगवेगळे सुटे भाग जोडून नव्याने केलेले असतात. दिवाणखान्यात ठेवायला ते चालतील, पण त्यांवर चांगली तबकडी लावू नये.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे खुंट असतात. आक्कांनी आजीच्या कॅसेटचे ते खुंट आजच तोडावेत, म्हणजे चुकून त्यांवर दुसरे काही भरले जाणार नाही. स्पीकरच्या चुंबकाजवळ कॅसेट ठेवू नयेत आणि वर्षातून एकदा तरी त्या पूर्ण पुढे-मागे फिरवाव्यात. पुस्तिका आणि कात्रणांना चिकटपट्टी लावू नये किंवा त्यांना प्लास्टिकचे लॅमिनेशनही करू नये. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

उत्तर: गिरणाई, जळगाव

आमच्या शहराच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे, म्हणून एक मुद्दा जोडावासा वाटतो. रंगभूमीवर त्यांचे एखादे पद 'वन्स मोअर' घेत घेत किती वेळ चाले याची वर्णने आपण वाचली आहेत. तेच पद दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागले. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा गायकाने केलेला निर्णय तिथे ऐकू येतो, आणि नाटकाला कधी जाऊ न शकलेल्या खेड्यातल्या श्रोत्यासाठी ती साडेतीन मिनिटे म्हणजेच बालगंधर्व होते. त्याहून मागे गेले तर १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले तेव्हा गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले, कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला घडवल्या जात आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर कोणाचे नाव घालायचे ते त्यावरून कळे. जुन्या वाड्यात अशी तबकडी निघाली, तर ती न वाजणारी असली तरी टाकू नये.

उत्तर: बोरीकाठ, अमळनेर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आक्का, आपला मुद्दा मी रात्री घरी वाचून दाखवला आणि आमच्या मंडळींनी माळ्यावरून एक डबा काढून दिला. त्यात माझ्या चुलत बहिणीच्या हळदीच्या रात्रीच्या गाण्यांची कॅसेट आहे. पुतण्याने ती पूर्ण ऐकली, कारण त्यात त्याच्या पणजीचा आवाज आहे, आणि मला आता त्याच्या प्रश्नाचे वेगळे उत्तर द्यावे लागेल असे वाटत नाही. मात्र या कॅसेट संगणकावर उतरवून घ्याव्यात का, आणि उतरवल्यावर इतरांना देता येतात का, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर: पाटणादेवी, चाळीसगाव

उतरवून जरूर घ्याव्यात आणि त्याला उशीर करू नये, कारण कॅसेटची फीत आणि ती वाजवणारी यंत्रे, दोन्ही दरवर्षी कमी होत आहेत. चांगल्या स्थितीतल्या डेकवरून (कॅसेट वाजवण्याच्या यंत्रावरून), आवाज कापला जाणार नाही अशा पातळीवर, आणि एमपीथ्रीऐवजी वेव्ह या आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात उतरवावे. खरखर काढण्याचा प्रयत्न मूळ उतरवलेल्या फाइलवर करू नये, त्यासाठी तिची दुसरी प्रत घ्यावी. आक्कांनी सांगितलेल्या घंटा आणि गलका 'सफाई'च्या नादात आधी नाहीसे होतात.

इतरांना देण्याविषयी कायदा असा आहे की, भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, आणि गीत व चाल यांवरील हक्क वेगळा असून तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे चित्रपटगीतांच्या बाबतीत ध्वनिमुद्रण मोकळे झाले तरी गीत मोकळे असेलच असे नाही. घरच्या कॅसेटच्या बाबतीत, कायद्याइतकेच गाणाऱ्या बायकांच्या कुटुंबीयांना विचारणे मी आवश्यक मानतो.

संग्रहासोबत एक नोंदवही मात्र ठेवावी, आणि इथे मी आमच्या गावचे उदाहरण देईन. छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांनी चाळीसगाव स्थानकाजवळच्या आपल्या घरात आयुष्यातली कित्येक दशके जवळजवळ बाहेर न पडता काढली आणि छायाचित्रांसोबत कितीतरी कलावस्तू जमवल्या. ते घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. मी तिथे जातो तेव्हा दरवेळी वाटते की, वस्तू आणि त्यांची जागा एकत्र राहिली म्हणून तो माणूस आपल्याला कळतो. तोच संग्रह लिलावात विखुरला असता तर छायाचित्रे तेवढी उरली असती. आपल्या तबकड्यांचेही तसेच आहे. चोपड्याच्या दुकानाचा शिक्का, लग्नातली भेट, कोणत्या वाड्यातून काय आले, हे आज फक्त काकांच्या डोक्यात आहे. वहीत वस्तूचे नाव, कॅटलॉग आणि मॅट्रिक्स क्रमांक, कुठून मिळाली, आधी कोणाकडे होती आणि तिच्यावर काय लिहिले आहे, एवढे लिहिले तरी पुरे. घरच्या कॅसेटसाठी गाणाऱ्यांची नावे, गाव, प्रसंग आणि गाण्याच्या पहिल्या ओळी लिहाव्यात. ज्यांना ते आवाज ओळखता येतात ती माणसे असेपर्यंतच हे काम होऊ शकते. चित्रपटांच्या पुस्तिकांच्या जास्तीच्या प्रती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारून पाहाव्यात, आणि ७८ च्या तबकड्यांविषयी अडेल तेव्हा मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून या विषयात फार मोलाचे काम केले आहे.

उत्तर: आक्का, शिंदखेडा

सातपुडा भाऊ, खुंट तोडले. बोरीकाठ भाऊ, हळदीच्या कॅसेटमधील गाण्यांच्या पहिल्या ओळी इथे लिहाव्यात, म्हणजे आमच्याकडच्या गाण्यांशी त्या ताडून पाहता येतील. तापीच्या या बाजूला आणि त्या बाजूला एकाच गाण्याच्या चाली वेगळ्या असतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्याकडे दोन कप्प्यांचा डेक चालू स्थितीत आहे. ज्यांना कॅसेट उतरवायच्या असतील त्यांनी कानबाईच्या आधी आणून द्याव्यात, कारण श्रावणात घरी पाहुण्यांची वर्दळ असते.

उत्तर: बोरीकाठ, अमळनेर

आक्का, पहिल्या ओळी पुतण्या आज संध्याकाळी टंकून देईल. दोन गाण्यांतले शब्द आम्हाला नीट लागत नाहीत, त्या ठिकाणी आम्ही जागा कोरी सोडू. आपल्याकडील वयस्कर मंडळींना ती कोरी जागा भरता आली तर कृपया भरून द्यावी. कॅसेट घेऊन आम्ही दोघे पुढच्या रविवारी शिंदखेड्याला येत आहोत.